टॅव्हर्नियेची गंगा

झाँ-बातिस्त टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याचे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. शिवकालावरील एखादा जाडजूड ग्रंथ उघडला आणि तळटिपा चाळल्या, की बर्नियर, थेवनो, मनुची यांच्या रांगेत हा गृहस्थही उभा असलेला दिसतो. मात्र तळटिपेत भेटणारा लेखक आणि त्याच्या पुस्तकात भेटणारा लेखक यांत पुष्कळ अंतर असते. तळटिपेतला टॅव्हर्निये साक्षीदार असतो. त्याला एक प्रश्न विचारायचा, उत्तर टिपून घ्यायचे आणि त्याला पिंजऱ्यातून खाली उतरवायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पुस्तकातला टॅव्हर्निये मात्र वाटेवरचा माणूस आहे. त्याला बैलांची काळजी आहे, भाड्याची घासाघीस आहे, नदी उतरण्याची चिंता आहे. आणि ही वाट आपल्या परभणीच्या मुलखातून जाते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

माझ्याजवळची प्रत जुन्या पुस्तकांच्या बाजारातून आलेली आहे. व्हॅलेंटाइन बॉल यांनी १८८९ साली केलेले इंग्रजी भाषांतर विल्यम क्रूक यांनी १९२५ साली सुधारून काढले, त्याचे हे नंतरचे पुनर्मुद्रण. आधीच्या मालकाने पेन्सिलीने बऱ्याच खुणा केल्या आहेत. मयूरासनाच्या वर्णनाखाली रेघ आहे, औरंगजेबाच्या जवाहिरखान्याशेजारी उद्गारचिन्ह आहे, हिऱ्यांच्या खाणींची प्रकरणे तर रेघोट्यांनी भरून गेली आहेत. सुरतेहून गोवळकोंड्याला जाणाऱ्या वाटेच्या प्रकरणावर मात्र एकही खूण नाही. त्या वाचकाला दोष देण्यात अर्थ नाही. गावांच्या नावांची आणि अंतरांची ती यादी. ज्याला त्या गावांशी देणेघेणे नाही, त्याने ती ओलांडून पुढे जावे हेच स्वाभाविक. खुद्द बॉल हे भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नोकरी केलेले भूशास्त्रज्ञ. या ग्रंथाकडे ते वळले त्यामागेही खाणींचे कुतूहल मोठे होते. हिऱ्यांचे आकर्षण असे अनुवादकापासून वाचकापर्यंत वारशाने आलेले आहे.

टॅव्हर्नियेचा जन्म १६०५ साली पॅरिसमध्ये झाला. घराणे नकाशे कोरणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे, पंथाने प्रॉटेस्टंट. घरात येणाऱ्या विद्वानांच्या नकाशांवरील गप्पा ऐकून आपल्याला देश पाहण्याची ओढ लागली, असे तो स्वतः सांगतो. तारुण्यात पदार्पण करतो न करतो तोच तो युरोप भटकू लागला, आणि १६३० ते १६६८ या काळात त्याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या. तुर्कस्तान, इराण, हिंदुस्थान, बाटाव्हिया! तेव्हाच्या मानाने हे फिरणे थक्क करणारेच होते. परंतु तो काही रिकामा भटक्या नव्हता. खाणीच्या मुखाशी स्वस्तात हिरे घ्यावेत आणि राजेरजवाड्यांना विकावेत, हा त्याचा धंदा. चौदाव्या लुईने त्याच्याकडून जो मोठा निळा हिरा घेतला, त्याच्या कथा जगभर पसरल्या. त्यांचे इथे काम नाही. शेवटच्या सफरीनंतर त्याने जिनिव्हाच्या सरोवराकाठी ओबोन येथे जहागीर विकत घेतली, बॅरन झाला, आणि १६७६ साली 'सहा सफरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ त्याच्या नावावर असला तरी भाषा सगळी त्याची नव्हे. सॅम्युएल शापुझो नावाच्या लेखकाने त्याच्या टिपणांवरून आणि तोंडी सांगण्यावरून मजकूर जुळवला, आणि हे काम आपल्याला किती जाचक झाले याची तक्रारही पुढे केली. आपण ज्याला प्रवाशाचा स्वर म्हणतो, त्यात दुसऱ्या कोणाचा तरी आवाज असा मिसळलेला असतो.

आता ती वाट. १६४५ च्या जानेवारीत तो सुरतेहून निघाला. बारडोली, व्यारा, नवापूर, पिंपळनेर असे टप्पे घेत, सह्याद्रीच्या उत्तरेकडील फाट्यांतून वर चढून तो दौलताबाद आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथवर येतो. तिथून पुढे त्याच्या यादीत 'ऑबार' आहे, म्हणजे आपले अंबड. 'आस्ती' आहे, म्हणजे परतूर तालुक्यातील आष्टी. मग 'सार्वेर' आणि 'लेसोना' अशी दोन नावे येतात, आणि त्यांच्यापुढे 'नादूर', म्हणजे नांदेड. आष्टी ही १९८१ साली जालना जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. आष्टीहून गोदावरीच्या उत्तरेने नांदेड गाठायचे, तर आजच्या सेलू, मानवत, परभणी, पूर्णा या पट्ट्यातूनच जावे लागते. तेव्हा 'सार्वेर' आणि 'लेसोना' हे दोन्ही मुक्काम याच काळ्या मातीत पडतात. फ्रेंच कानाने ऐकलेली, पॅरिसच्या छापखान्यात जुळवलेली आणि इंग्रजीतून परत आलेली ही नावे आपल्या गावांच्या नावांवर नेमकी बसवण्याचा अट्टाहास मी करणार नाही. तीनदा कपडे बदललेल्या माणसाला चालीवरून ओळखावे, तसे दिशेवरून ओळखले तरी पुरे.

परंतु खटकते ती नावांची मोडतोड नव्हे. खटकते ते त्यांच्यापुढचे मौन. नवापूरविषयी तो किती बोलतो पाहा. गावात विणकर पुष्कळ आहेत, पण खरा व्यापार तांदळाचा. दाणा लहान, शुभ्र, आणि त्याला कस्तुरीचा वास. बडे लोक तोच तांदूळ खातात आणि इराणात कोणाला भेट द्यायची तर त्याची गोणी पाठवतात. दौलताबादच्या किल्ल्याची आणि तोफांची हकीकत आहे. औरंगाबादेस औरंगजेबाच्या बेगमेची कबर आहे, तिच्यासाठी संगमरवर लाहोराहून येतो, आणि या संगमरवराने लादलेल्या तीनशेहून अधिक गाड्या आपल्याला औरंगाबादेपासून पाच मजलांवर भेटल्या, त्यांतल्या लहानात लहान गाडीलाही बारा बैल होते, असे तो सांगतो. (बेगम दिलरसबानू १६५७ साली वारली, म्हणजे ही आठवण नंतरच्या कुठल्यातरी सफरीची, आणि ग्रंथ जुळवताना एकाच वाटेच्या प्रकरणात येऊन बसलेली.) असा बोलका माणूस अंबडच्या पुढे एकदम मुका होतो. गावाचे नाव, अंतराचा आकडा. गावाचे नाव, अंतराचा आकडा.

याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. त्याच्या नजरेला विकण्याजोगे किंवा दिपवण्याजोगे जे पडेल, त्याचे तो वर्णन करतो. या पट्ट्यात ज्वारी होती, कापूस होता, गावोगावच्या गढ्या होत्या. त्यांपैकी काहीच इराणच्या शहाला नजर करण्यासारखे नव्हते. शिवाय तो मुलूख त्या वेळी नुकताच कुठे सावरत होता. १६३०–३२ चा दख्खनचा भयंकर दुष्काळ, १६३३ साली मोगलांनी घेतलेले दौलताबाद, १६३६ साली संपलेली निजामशाही, हे सगळे टॅव्हर्नियेच्या गाड्या इथून जाण्यापूर्वीच्या पंधरा वर्षांतले. ज्या निजामशाहीचा शेवट होऊन दहा वर्षेही झाली नव्हती, तिच्या राजघराण्याचे मूळ तर याच जिल्ह्यातले. अहमद निजामशहाचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते असे फेरिश्ता सांगतो, आणि त्या वतनाच्या ओढीने निजामशाहीने पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाया केल्या. 'आईन-इ-अकबरी'त पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एक स्वतंत्र सरकार आहे. म्हणजे मुलूख काही अनामिक नव्हता. त्याचे नाव दफ्तरात होते, लढायांत होते, वंशावळीत होते. प्रवाशाच्या लेखी मात्र तो दोन मोठ्या नावांमधले अंतर होता.

आणि हे आपण तरी कुठे वेगळे वाचले? महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाने या परदेशी प्रवाशांची मोठ्या कष्टाने छाननी केली, पण ती शिवाजीमहाराजांविषयी ते काय म्हणतात यासाठी. ते काम आवश्यकच होते, आणि सुरेंद्रनाथ सेनांसारख्यांचे त्यासाठी ऋण मानले पाहिजे. त्याच सेनांनी १९४९ साली थेवनोच्या हिंदुस्थानातील प्रवासाचीही आवृत्ती काढली. थेवनो १६६६ साली सुरतेस उतरला आणि वेरूळची लेणी पाहून खुश्कीने गोवळकोंड्यास गेला. वेरूळच्या लेण्यांविषयी त्याचा उतारा नेहमी दिला जातो. वेरूळ आणि गोवळकोंडा यांच्या मधल्या वाटेचे काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी काढत नाही. मराठवाड्याच्या वाट्याला हे मधलेपण फार दिवस आले आहे.

तरीही टॅव्हर्निये मला या मुलखाविषयी काही सांगत नाही असे नाही. त्याला शोधायचे तर गावांच्या यादीत नव्हे, बैलांच्या प्रकरणात शोधावे. हिंदुस्थानात प्रवास कसा करावा याचे त्याने एक वेगळे प्रकरणच लिहिले आहे, आणि माझ्या मते सबंध ग्रंथातले हे सर्वांत उत्तम प्रकरण आहे. लोक इथे घोड्याऐवजी बैलावर बसतात, हे तो युरोपीय वाचकाला समजावून सांगतो. बैलाच्या नाकपुड्यांतून दोरी ओवतात, तोच लगाम. आपल्याला 'वेसण' हा एक शब्द पुरतो. त्याला त्यासाठी वाक्य खर्चावे लागते. बसायचा बैल घेताना शिंगे फूटभराहून मोठी नाहीत ना, हे बघावे, कारण माश्या चावू लागल्या की तो मान मागे झटकतो आणि शिंग स्वाराच्या पोटात जाते! हे ज्याने लिहिले त्याने बैलावर बसून पाहिले असले पाहिजे.

पुढे गाडीच्या बैलांचा आहार येतो. आपल्या गाडीच्या दोन बैलांना जवळजवळ सहाशे रुपये पडले असे तो सांगतो, आणि एवढी रक्कम पाहून वाचकाने दचकू नये अशीही सोय करतो. कारण हे बैल साठ-साठ दिवसांची मजल सतत मारतात. अर्धी वाट झाली की प्रत्येक बैलाला कणकेचे दोन-तीन गोळे देतात, ते तुपात आणि काळ्या साखरेत मळलेले असतात. आणि संध्याकाळी हरभरे भरडून, अर्धा तास पाण्यात भिजवून चारतात. काळी साखर म्हणजे गूळ, हे सांगायला नको. कणीक, तूप, गूळ आणि हरभऱ्याचा भरडा! गंगाखेड-पालमकडच्या कोणत्याही म्हाताऱ्या कुणब्याला हे वाचून दाखवावे. परदेशी माणसाने पावणेचारशे वर्षांपूर्वी लिहिले आहे यावर त्याचा विश्वास बसणार नाही. पोळ्याला बैलाच्या तोंडी जी पुरणपोळी जाते, तिचे सगळे साहित्य या दोन ओळींत आलेले आहे.

भाड्याचे हिशेबही त्याने चोख ठेवले आहेत. गाडी भाड्याने घेतली तर दिवसाला साधारण एक रुपया. सुरत ते आग्रा पस्तीस-चाळीस दिवस, त्याचे चाळीस ते पंचेचाळीस रुपये. सुरत ते गोवळकोंडा अंतर जवळपास तेवढेच आणि भाडेही तेवढेच. पालखीचे भोई महिन्याला चार रुपयांवर मिळतात, प्रवास साठ दिवसांहून लांबला तर पाच. इभ्रतीने जायचे तर बरोबर वीस-तीस हत्यारबंद माणसे हवीत. पुस्तकातली ही पाने वाचताना मला नेहमी वाटते, की दरबाराची वर्णने इतर दहाजणांनी केलीच असती. हा भाडेपट्टा जवाहिऱ्याशिवाय कोणी लिहिला नसता.

याच प्रकरणात तांडे येतात. दहा-बारा हजार बैलांचा एक तांडा, धान्य, तांदूळ, मीठ लादून चाललेला. अरुंद जागी समोरून असा तांडा आला की गाड्यांना दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. तो या लोकांना 'मनारी' म्हणतो. वर्णनावरून ते बंजारेच आहेत. बायकामुलांसह तंबूंत राहणारे, आयुष्यात कधी घर न बांधणारे असे त्यांचे चार समाज आहेत, आणि एकाने धान्य, दुसऱ्याने तांदूळ, तिसऱ्याने डाळी, चौथ्याने मीठ वाहायचे अशी त्यांची वाटणी आहे, असे तो सांगतो. इतकी चौकोनी व्यवस्था प्रत्यक्षात असेल असे मला वाटत नाही. कोणीतरी थोडक्यात सांगितले आणि याने ते कोरून ठेवले, असा हा प्रकार दिसतो. परंतु काठीवर वेटोळे घातलेल्या नागाची मूर्ती, सकाळी सगळ्यांनी रांगेने येऊन तिची पूजा करणे, मुलींनी तिला तीन प्रदक्षिणा घालणे, आणि मग ती एका खास बैलावर चढवून मुक्काम हलवणे, ही हकीकत पाहिलेल्या माणसाची आहे. जिंतूरच्या डोंगराळ भागात आज जे तांडे स्थिर होऊन गावे झाले आहेत, त्यांच्या पूर्वजांची लेखी नोंद शोधणाऱ्याला हे पान टाळता येणार नाही. पुढे रेल्वे आली आणि बैलांच्या पाठीवरचे मीठ उतरले. मनमाड–हैदराबाद मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुरा झाला, आणि त्याची स्थानके पाहावीत: औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड, निजामाबाद. निजामाच्या रेल्वेने आखलेली रेघ टॅव्हर्नियेच्या वाटेच्या किती जवळून जाते! नदीच्या खोऱ्याने वाट आधीच ठरवून ठेवली होती; बैलाला जो चढ नको होता तो इंजिनालाही नको होता.

कोणी म्हणेल, या मुलखाची स्वतःची प्रवासनोंद नव्हती म्हणून परक्याच्या पुस्तकाचा एवढा सोस. तसे मुळीच नाही. चक्रधरस्वामी गोदातीरी जिथे जिथे फिरले, बसले, जेवले त्या जागा महानुभावांच्या 'स्थानपोथी'ने चौदाव्या शतकातच नोंदवल्या. कोणत्या दिशेला, कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगाला, इतक्या बारकाईने. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या नरसीचे म्हणून परंपरा ज्यांना ओळखते, त्या नामदेवांच्या नावावर तीर्थयात्रेचे अभंग आहेत. परंतु तिथे जागा पवित्र झाली म्हणून नोंदवली जाते. बैलाने काय खाल्ले आणि भोयाने किती घेतले, ही नोंद करणारा माणूस दूरच्या नकाशेवाल्याच्या घरातून यावा लागला.

आता राहिली ती नदी. आष्टीपासूनचे मौन नांदेडला येऊन एका वाक्यापुरते सुटते. इथे एक नदी उतरावी लागते, ती पुढे गंगेला मिळते. गाडीमागे चार रुपये द्यावे लागतात आणि सुभेदाराचा लेखी परवानाही लागतो, असे तो लिहितो. नदी अर्थात गोदावरी. ती गंगेला मिळत नाही, राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागराला मिळते, हे शाळकरी पोरही सांगेल. प्रवाशांच्या भूगोलाच्या चुका काढणे हा अभ्यासकांचा जुना विरंगुळा आहे, आणि त्या यादीत ही चूक सहज बसते.

मला मात्र ती तितकी साधी वाटत नाही. आपल्याकडे गोदावरीला गोदावरी कोण म्हणते? भूगोलाचे पुस्तक म्हणते, पाटबंधारे खाते म्हणते. गोदाकाठचा माणूस 'गंगा' म्हणतो. 'गंगेला पाणी आलं', 'गंगेवर आंघोळीला गेले', 'गंगथडीची जमीन'. गंगाखेड हे नाव कोणत्या गंगेवरून पडले, हे जनाबाईच्या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. संस्कृत पुराणिकांनी तिला दक्षिणगंगा केले. कुणब्यांनी 'दक्षिण' गाळून टाकले. टॅव्हर्नियेने नांदेडच्या उतारावर विचारले असेल, या नदीचे नाव काय. आणि दुभाष्याच्या मार्फत उत्तर आले असेल, गंगा. एवढे माझे अनुमान. पुढचा भाग त्याच्याच चरित्रात आहे. १६६५–६६ साली तो आग्र्याहून बंगालकडे गेला, बनारस-पाटण्याला खरी गंगा पाहिली, ढाक्यापर्यंत पोचला. ग्रंथ जुळवायला बसला तेव्हा त्याच्या हाताशी दोन गंगा होत्या: एक प्रचंड, उत्तरेतली, सर्वांना ठाऊक असलेली, दुसरी दख्खनमधली, टिपणात नाव लिहून ठेवलेली. नकाशेवाल्याच्या मुलाने त्यांचा मेळ जो घालता येईल तो घातला. एक नदी दुसरीला नेऊन मिळवली.

हे अनुमान ज्याला मान्य नसेल त्याने टॅव्हर्निये नद्यांच्या बाबतीत ढिसाळ होता एवढेच म्हणावे. त्यालाही आधार निघेल. परंतु आष्टी ते नांदेड या सबंध पट्ट्यातून त्याच्या ग्रंथात माणसाच्या तोंडचा शब्द म्हणून काही उतरला असेल, तर तो हाच आहे.

चार रुपये ही रक्कमही लहान नव्हती. सुरतेपासून गोवळकोंड्यापर्यंतच्या सबंध गाडीभाड्याचा तो जवळजवळ दहावा हिस्सा, एका उतारासाठी. भोयाचा महिन्याचा पगार तेवढाच. टॅव्हर्नियेने तो दिला, परवाना दाखवला आणि गाड्या पलीकडे गेल्या. त्यानंतर यादी पुन्हा सुरू होते, कुतुबशाहीच्या दिशेने: गावाचे नाव, अंतराचा आकडा.